टोपी आणि फुली

“तिले फुली दखाडानी इतलंच माहीत राहू दे. कसाले, ते नको.”

पप्पांचा आवाज होता. मी गॅरेजच्या मागच्या खोलीत स्टोव्हपाशी चहा गाळत उभी होते आणि ते बाहेर एका ट्रकच्या उघड्या बॉनेटपाशी रशीदचाचांशी बोलत होते. विसरवाडीच्या हायवेवरून ट्रक गेला की त्या खोलीचा पत्रा थरथरायचा, आणि दोन ट्रकांच्या मधे जी शांतता मिळायची तेवढ्यातच माणसांचं बोलणं कानावर पडायचं. हे वाक्य तसंच एका फटीतून आलं. पाठोपाठ चाचा म्हणाले, “पोर हुशार शे आप्पा. तिना ध्यानमा ई जाई.” त्यावर पप्पा हसले. “ध्यानमा उनं तरी ती बोलस कोठे?” मग दोघंही हसले आणि पुढचा ट्रक आला.

मी चहा घेऊन बाहेर गेले. पप्पांना पेला दिला, चाचांना दिला, त्यांच्या वसीमचा पेला टायरवर ठेवला. कुणीही माझ्याकडे वेगळ्या नजरेने पाहिलं नाही. मीही काही ऐकलं नाही असा चेहरा ठेवला. तसा चेहरा ठेवणं मला फार लवकर जमायला लागलं होतं. शाळेत इंग्रजी, घरात आमची गुजर बोली, गॅरेजात अहिराणी. तिन्ही मला नीट समजायच्या आणि तिन्हींत बोलताना मला माझाच आवाज कुणीतरी उसना दिल्यासारखा वाटायचा. त्यामुळे मी ऐकायचे. लोक मला लाजाळू म्हणायचे. मी लाजाळू होतेच, पण नुसती लाजाळू नव्हते. जे बोलत नाहीत त्यांच्यासमोर लोक सगळं बोलून टाकतात, हे मला कळलेलं होतं.

आमचं गाव तापीकाठचं. केळी, कापूस, थोडा ऊस. घरात दिवसभर कुठलं ना कुठलं इंजिन चालू असायचं: पाण्याची मोटर, पिठाची चक्की, अंगणात ट्रॅक्टर. पप्पांना झोपेतही मोटरचा आवाज बदलला तर कळायचं. एकदा त्यांची केळीने भरलेली गाडी सुरतेला जाताना विसरवाडीत बंद पडली. चाचांनी भर उन्हात गाडीखाली झोपून ती दोन तासांत चालू केली, आणि केळी पिकण्याआधी सुरतेला पोहोचली. त्या दिवसापासून पप्पा आणि चाचा यांची मैत्री. माझा मोठा भाऊ चिराग, मी त्याला दादा म्हणते, तेव्हा केळीच्या बांधावरून मोटरसायकल उडवायचा. चाचांचा मुलगा वसीम गॅरेजामागच्या माळावर तेच करायचा. पप्पांनी मातीच्या ट्रॅकवर पळवायच्या दोन जुन्या मोटरसायकली आणल्या, चाचांनी त्या खोलून पुन्हा बांधल्या, आणि आमचा संघ झाला. फॉर्मवर संघाचं नाव म्हणून पप्पांनी शेताचं नाव लिहिलं.

माझ्याकडे दोन कामं आली. एक, प्रत्येक फेरीची वेळ वहीत लिहायची. दुसरं, फळा दाखवायचा. शर्यतीत हेल्मेट घातलेल्या माणसाला ओरडून काही कळत नाही. त्याला किती फेऱ्या उरल्या, मागचा किती सेकंद मागे आहे, हे ट्रॅकच्या कडेला उभं राहून फळ्यावर लिहून दाखवावं लागतं. आमचा फळा म्हणजे केळीची गाडी भरताना घडांचा आकडा लिहायचा तो लहान काळा फळा. त्याच्या एका कोपऱ्याला केळीच्या चिकाचा डाग होता, तो कशानेही गेला नाही. आकड्यांशिवाय आणखी एक खूण होती. पप्पा ट्रॅकच्या पलीकडे उभे असायचे. त्यांनी डोक्यावरची पांढरी टोपी काढली की मी फळ्यावर मोठी फुली मारून वसीमला दाखवायची. पहिल्या शर्यतीआधी मी विचारलं होतं, “फुली म्हणजे काय?” चाचा म्हणाले, “त्याले माहीत शे, बेटा.” ते म्हणताना त्यांनी पाना पुसला, आणि तो आधीच पुसलेला होता.

चार शर्यतींची मालिका होती. त्या चहाच्या दिवसापर्यंत दोन झाल्या होत्या, दोन्हींत पप्पांची टोपी निघाली होती, मी फुली दाखवली होती आणि दोन्ही शर्यती दादाने जिंकल्या होत्या. ते वाक्य ऐकल्यावर मी घरी जाऊन वही काढली. दोन्ही वेळा फुलीच्या पुढच्या फेरीत वसीमची वेळ चार सेकंदांनी वाढलेली होती. दादाची होती तेवढीच. मी बोटाने त्या आकड्यांवरून खालीवर फिरत राहिले. बाहेर मम्मी बट्ट्या भाजत होती, शेणीच्या धुराचा वास घरभर होता, आणि दादा अंगणात हेल्मेट धूत शीळ घालत होता. दादाला माहीत असेल का? मला तेव्हा तोच प्रश्न सगळ्यात मोठा वाटला. मी त्याची शीळ ऐकत राहिले. शिळेवरून काही कळलं नाही.

त्याच आठवड्यात आयोजकांचं नियमांचं पुस्तक पप्पांच्या फोनवर आलं. सगळं इंग्रजीत. घरात इंग्रजी वाचणारी मी एकटी, म्हणून जेवताना पप्पा म्हणाले, “वाच, रुचा, आणि काय म्हणतात ते सांग.” (घरचं बोलणं मी इथे पुस्तकी मराठीत लिहिते आहे. गुजर बोली लिहायची मला कधी सवय झाली नाही, आणि चुकीची लिहिली तर मम्मी अजूनही फोन करून ओरडेल.) हेल्मेट, चेनचं कव्हर, पेट्रोलची टाकी असं वाचत मी त्या ओळीपर्यंत आले. संघ आपल्या एका स्वाराला दुसऱ्यासाठी जागा सोडायला सांगू शकतो. पण अधिकाऱ्याने विचारलं तर ते सांगावं लागेल. लपवलं आणि कागदावर सही झाली, तर पूर्ण संघाचा निकाल रद्द. मी ते वाचलं आणि पुढे गेले नाही. पप्पांकडे पाहिलं. ते बट्टी कुस्करत होते.

“म्हणजे सांगता येतं,” दादा म्हणाला. “बस ना.”

“येणारच,” पप्पा म्हणाले. “केळी कापणारा एक, खांद्यावर वाहणारा एक. गाडीवर नाव कुणाचं लागतं? शेताचं. संघ म्हणजे तेच.”

मम्मी बट्टीवर तूप सोडत होती. तिचा हात थांबला नाही. “वाहणाऱ्यालाच कापणारा म्हणून फोटोत उभं केलं, तर मग कापणाऱ्याने काय करायचं?”

“तू वाढ.”

“वाढतेच आहे. दुसरं काय करते मी?”

दादा हसला, पण पानाकडे बघून. तेव्हा मला कळलं की त्याला माहीत आहे. मम्मीलाही. म्हणजे घरात चार माणसं, आणि ज्या हाताने फुली मारली जात होती त्या एकाच माणसाला सांगितलेलं नव्हतं. मी त्या रागाला बरेच दिवस न्यायाचा राग समजत राहिले. खरं तर त्यात मला वगळल्याचा राग जास्त होता.

आता मी सुरतेला नोकरी करते. सुट्टीच्या दुपारी टीव्हीवर परदेशातल्या मोठ्या शर्यती बघते. तिथे फळ्याबरोबर रेडिओ असतो. संघ ड्रायव्हरला कानात सांगतो, जोडीदाराला पुढे जाऊ दे, आणि मग आठवडाभर लोक भांडतात. गाडी संघाची, मग निर्णय संघाचा, असं एक बाजू म्हणते. मी तिकीट काढून कुणाला बघायला आलो, असं दुसरी विचारते. ऑफिसातले माझं मत विचारतात. मी हसून टाळते. मला दोन्ही बाजू पटतात, आणि दोन्ही बाजू बोलणाऱ्यांच्या हातात कधी फळा नव्हता हेही दिसतं.

तिसऱ्या शर्यतीआधी दादा सरावात पडला, चिंचपाड्याच्या दवाखान्यात त्याच्या मनगटाला पट्टी बांधली, आणि ती शर्यत त्याची हुकली. वसीम एकटा पळाला आणि जिंकला, इतक्या फरकाने की मला फळ्यावर मागच्याचं अंतर लिहावंसंच वाटेना. त्यानंतर बातमी आली की शेवटच्या शर्यतीला एका मोटरसायकल कंपनीचा माणूस येणार आहे. दक्षिणेत त्यांचा स्वतःचा ट्रॅक होता, तिथे शिकायला ते आमच्या भागातून एकच स्वार नेणार होते. एकच. दादाला नाही मिळालं तर त्याला केळी होती, घर होतं. वसीमला नाही मिळालं तर त्याच्या सुरतेच्या मामाने त्याला गॅरेजात बोलावून ठेवलं होतं, आणि तिथे गेलेला माणूस पुन्हा शर्यतीला येणार नव्हता.

मी वही घेऊन वसीमकडे गेले. तो कार्ब्युरेटर पेट्रोलमध्ये धूत बसला होता. मी वही उघडून त्याच्यासमोर धरली आणि दोन आकड्यांवर बोट ठेवलं.

“ताई, तू वही लिखस का चौकशी करस?” तो म्हणाला.

“तुले राग नही येस?” माझी अहिराणी ऐकून तो हसला. ती नेहमीच हसण्यासारखी होती.

“येस ना. हेल्मेटमा येस. हेल्मेट काढं का जास.” मग तो जरा गंभीर झाला. “दख, गाडी आप्पानी, टायर आप्पाना. आम्ही बापलेक विचारात बसतूत तर ट्रॅक बी दखतूत ना. दोन डाव सोडी दिनं, काय व्हयनं? पन आखरीमा फुली नही. आप्पानी जबान दिनी शे.”

“आणि तरी फुली दिसली तर?”

“तर हात ढिल्ला करसू.” त्याने खांदे उडवले. “मी टोपी दखस नही, ताई. मी फळा दखस. फळा तुन्हा हातमा शे. तू थोडी खोटं दखाडशी?”

पप्पांनी शब्द दिला होता, हे मला चाचांनीही सांगितलं. मी दोघांनाही मान डोलावली आणि एक अक्षर खरं मानलं नाही. मला वाटलं, पप्पांनी हा शब्द दिला तो वसीमने नीट पळावं म्हणून, म्हणजे दादाच्या पुढे दुसऱ्या संघाचा कुणी राहणार नाही. आणि शेवटी टोपी निघणारच. त्या आठवड्यात मी पप्पांवर नजर ठेवून होते. ते चाचांशी फोनवर बोलत तेव्हा मी पाणी भरण्याच्या निमित्ताने जवळ जायचे. ते दादाच्या खांद्यावर हात ठेवून काही म्हणाले तर ते काय असेल याच्या मी चार तऱ्हा मनात करून बघायचे. त्यांनी एकदा मला विचारलं, “काय बघतेस गं सारखी?” मी म्हटलं, “काही नाही.”

शेवटची शर्यत नंदुरबारच्या बाहेर झाली, मिरचीच्या पथारीवर. ज्यांनी आमचा भाग पाहिलेला नाही त्यांच्यासाठी: पथारी म्हणजे मिरची वाळवायचं मोकळं मैदान. हंगामात तिथे नजर जाईल तिथपर्यंत लाल मिरची पसरलेली असते. व्यापाऱ्याने त्यातलं अर्धं मैदान रिकामं करून शर्यतीला दिलं होतं. मिरची उचलली होती, पण मातीत बी होतं, देठं होती, लाल भुगा होता. उरलेल्या अर्ध्यावर बायका तोंडाला ओढणी बांधून देठं खुडत बसल्या होत्या आणि आमच्याकडे बघून हसत होत्या. त्यातली एक म्हणाली, “आज ह्या पोरेसले रडाले बाई लागाव नही.” गाड्या सुरू झाल्या आणि पहिल्या फेरीतच ते सगळं हवेत उठलं. लोक खोकत होते, डोळे पुसत होते, कुणी उठून जात नव्हतं. मी नाकावर ओला रुमाल बांधला होता. चाचा माझ्यामागे हत्यारांच्या पेटीवर बसले होते. पप्पा पलीकडे टायरांच्या ढिगाजवळ उभे होते. त्यांनी रुमाल आणला नव्हता. धुळीतून मला त्यांचे कपडे धड दिसत नव्हते, पांढरी टोपी मात्र दिसत होती, कारण मी दुसरं काही बघतच नव्हते.

दहा फेऱ्या. तिसरीपासून वसीम पुढे होता, दादा दुसरा. दादा सुंदर पळत होता, पट्टी बांधलेल्या मनगटाने त्याने प्रत्येक वळण घासून घेतलं. पण वसीम गाडी चालवत नव्हता, गाडी त्याच्यासोबत येत होती. कंपनीचा माणूस खुर्चीवरून उठून दोरीपाशी आला होता. आठवी फेरी संपत आली. मी फळ्यावर दोनचा आकडा लिहिला आणि वर पाहिलं.

टोपी नव्हती.

मला आश्चर्य वाटलं नाही. हे मी आज लिहिते तेव्हाही मला त्या क्षणातलं हेच सगळ्यात जास्त टोचतं. मी एक क्षणभर तरी थांबायला हवं होतं, पुन्हा बघायला हवं होतं, मागे वळून चाचांना विचारायला हवं होतं. मला फक्त एवढंच वाटलं: बघ, मला माहीतच होतं. त्या वाटण्यात जवळजवळ समाधान होतं. हाताने आकडा पुसला, फुली मारली आणि फळा वर धरला. वसीम समोरून गेला. त्याचं हेल्मेट फळ्याकडे वळलं, मग माझ्याकडे, आणि पुढच्या वळणावर त्याच्या इंजिनाचा आवाज खाली आला, विहिरीवरची मोटर बंद केल्यावर पाइपातलं पाणी बारीक होत जातं तसा. दादा त्याच्या बाजूने निघून गेला. चाचा पेटीवरून उठले होते. “हाई काय करं तू, बेटा?” एवढंच ते म्हणाले.

शर्यत संपली. दादा पहिला, वसीम दुसरा. पप्पा ट्रॅक ओलांडून आमच्याकडे आले. त्यांचे डोळे लाल होते आणि गालांवरून पाणी वाहत होतं. त्यांनी तोंड उघडलं आणि बोलण्याऐवजी त्यांना शिंक आली. त्यांनी डोक्यावरची टोपी ओढून नाकावर धरली. मग आणखी एक. मग तिसरी. टोपी चेहऱ्यावर दाबून ते वाकून उभे होते, आणि मी ते बघत होते, आणि मला कळलं की आठव्या फेरीला मी काय पाहिलं होतं.

ते सरळ झाले. फळ्याकडे त्यांनी पाहिलं. फुली अजून तशीच होती. त्यांनी काहीही न विचारता तिच्यावरून टोपी फिरवली आणि ती पुसून टाकली.

अधिकारी आले. हातात कागद होता, मागे कंपनीचा माणूस. “सात नंबरची गाडी शेवटी का मंदावली?” त्यांनी विचारलं. सात नंबर वसीमचा.

“प्लग,” पप्पा म्हणाले. “मिरचीची धूळ. प्लगने त्रास दिला.”

“संघाकडून काही सूचना?”

“नाही साहेब.”

अधिकाऱ्यांनी वसीमकडे पाहिलं. तो हेल्मेट काढून उभा होता. “मिसिंग मारत होती, इंजिन मधेच दबत होतं,” तो म्हणाला. चाचांनी स्वतः बांधलेल्या इंजिनाकडे पाहिलं. त्या गाडीत प्लग सोडा, एक स्क्रूही सैल नव्हता, हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं. दादा जवळ आला होता, पण तो कुणाकडेच बघत नव्हता. कंपनीचा माणूस अधिकाऱ्यांना म्हणाला, “मग प्रश्नच नाही. पहिला आलेल्याचं नाव घेऊ.” अधिकाऱ्यांनी कागद पप्पांसमोर धरला आणि पेनाचं टोपण काढून दिलं.

पप्पा कुणासाठी खोटं बोलले, हे मला आजही ठरवता येत नाही. दादासाठी असेल. पण फुली पुसताना त्यांनी माझ्या आणि तिकडून येणाऱ्या त्या लोकांच्या मधे पाठ केली होती, हेही मी पाहिलं आहे. नंतर मी कधी विचारलं नाही, त्यांनी कधी सांगितलं नाही. त्या वेळी मला फक्त त्यांच्या टोपीवरचा खडूचा पांढरा पट्टा दिसत होता, आणि त्यांच्या हातातलं पेन कागदाच्या दिशेने चाललेलं दिसत होतं. वसीम माझ्याकडे बघत नव्हता. त्याने फळ्यावर विश्वास ठेवला होता, आणि आता मला वाचवायला स्वतःच्या बापाच्या इंजिनाला नावं ठेवत होता. मी नाकावरचा रुमाल खाली ओढला. वही अधिकाऱ्यांच्या कागदावर, पेनाच्या खाली ठेवली आणि आजच्या शर्यतीचं पान उघडलं.

“सही करू नका, पप्पा,” मी म्हटलं. “साहेब, गाडीत काही बिघाड नव्हता. वसीमला मी थांबवलं. आधी दोनदा थांबवलं ते पप्पांनी खूण केली म्हणून. आज कुणीच खूण केली नव्हती.”